स्कोपची धुलाई आणि सिकलसेलचे पेशंट

वर एका ताईंनी लिहिलंय की स्कोप (पोट-आतडी आतून बघायची लवचिक दुर्बीण) धुण्याचं यंत्र मिळाल्याशिवाय तालुक्याच्या दवाखान्यात दर्जा राखता येणार नाही. यंत्र हवंच. पण स्कोपच्या आतल्या नळीत रक्त वाळलं तर यंत्रालाही ते निघत नाही. स्कोप बाहेर आल्याबरोबर बेडजवळच पुसायचा, नळीतून डिटर्जंटचं पाणी ओढायचं. मग लीक टेस्ट (स्कोपला कुठे छिद्र पडलंय का ते बघणं), मग ब्रश, आणि तो दुसऱ्या टोकाला स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा. स्कोप ज्यात बुडवतो त्या जंतुनाशकाच्या, म्हणजे २.४ टक्के ग्लुटारल्डिहाइडच्या कॅनवर १४ दिवस लिहिलेत म्हणून विसंबू नका. ओले स्कोप बुडवून द्रावण पातळ होतंच, त्याची ताकद उरलीय का ते रोज टेस्टची पट्टी बुडवून बघा.

एक गोष्ट अजून कुणीच काढली नाही, ती म्हणजे सिकलसेल, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. गडचिरोली-चंद्रपूरकडचा पेशंट रात्रीपासून उपाशी, पहाटेच्या एसटीनं, मे महिन्याच्या उन्हात येतो. शरीरात पाणी कमी, त्यात मिडाझोलाम या गुंगीच्या औषधानंतर ऑक्सिजन उतरला, तर या पेशंटला क्रायसिस (वाकड्या पेशी रक्तवाहिन्यांत अडकून जोराचं दुखणं) येऊ शकतो. नाव लिहितानाच सिकलसेलचं विचारा, त्याचा नंबर पहिला लावा. साधं पाणी साधारण २ तास आधीपर्यंत चालतं. डॉक्टरांना विचारून हे आदल्या दिवशीच फोनवर सांगा. आपल्याकडे 'उपाशी या' म्हटलं की लोक थेंबभरही पाणी घेत नाहीत.

आणि सेडेशनच्या (गुंगी दिलेल्या) पेशंटवर लक्ष ठेवणाऱ्या सिस्टरच्या हातात बायोप्सी फोर्सेप्स (तपासणीसाठी तुकडा काढायचा चिमटा) देऊ नका. ड्युटीवर एकच सिस्टर असेल तर त्या दिवशी सेडेशनच्या केसेस नकोत, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.