कर्नल डॉक्युमेंटेशन : 38 ओळींच्या फाईलीत 212व्या ओळीवर वॉर्निंग?? मदत हवी आहे (जरा अर्जंट)

रात्रपाळी
लिनक्स कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये एक छोटी दुरुस्ती करतोय. मेक एचटीएमएलडॉक्स (डॉक्सची वेबपानं बनवणारी कमांड) केलं की वॉर्निंग येते, अनएक्स्पेक्टेड इंडेंटेशन, 212वी ओळ. फाईल आहे 38 ओळींची!! डबल्यूसी (ओळी मोजणारी कमांड) मारून मोजली, 38च. काल एकदा वॉर्निंग गेली होती म्हणून पॅच (बदलांचा मजकूर) ईमेलनं पाठवला तर समोरून एका ओळीत उत्तर की वॉर्निंग तशीच आहे आणि शिवाय पॅच लागतच नाहीये. मी स्वतः दोनदा चालवून बघितलं होतं, दुसऱ्यांदा एकही वॉर्निंग नव्हती. आज परत आली. डोकं फिरायची वेळ आलीये, कोणाला माहीत असेल तर पटकन सांगा. स्फिंक्स (हीच पानं बनवणारा प्रोग्राम) वगैरे सगळं नीट बसवलेलं आहे, ते विचारू नका.

टॅबवाला
कुठली ट्री (कर्नल सोर्सची प्रत)? कुठली फाईल? स्फिंक्सचं व्हर्जन? (हो, विचारतोय.)

वऱ्हाडी_ठेचा
भाऊ तू डिस्ट्रोचं स्फिंक्स वापरून राहिला का? मी सांगतो, सगळं पुसून व्हर्चुअल एनव्हायर्नमेंट बनव आणि त्यात पिपनं बसव. माझं असंच झालं होतं, दोन दिवस गेले, शेवटी व्हेन्व्हमध्ये पहिल्याच फटक्यात चाललं. कर्नलच्या ट्रीतच स्फिंक्स-प्री-इन्स्टॉल नावाची स्क्रिप्टच दिलेली आहे, ती चालव, काय काय नाही ते तीच सांगते.

रात्रपाळी
स्फिंक्स चालतंय हो, बिल्ड पूर्ण होतो, एचटीएमएल उघडतं. फक्त ती वॉर्निंग. ट्री म्हणजे लिनसवालीच (मुख्य), गेल्या महिन्यात क्लोन केलेली. फाईल ड्रायव्हर-एपीआयमधली एक आरएसटी (स्फिंक्स वाचतं तो टेक्स्ट फॉरमॅट) आहे, नाव महत्त्वाचं नाही.

कमांडलाईन_कमल
वॉर्निंगची पूर्ण ओळ टाका, जशीच्या तशी.

रात्रपाळी
टाकली की वर. अनएक्स्पेक्टेड इंडेंटेशन, 212.

कमांडलाईन_कमल
ती तुमच्या शब्दांत सांगितलेली ओळ आहे. टर्मिनलवर जे येतं ते हवंय, पहिल्या अक्षरापासून.

निवृत्त_प्रोग्रामर
हे सगळं वाचून गंमत वाटली. आमच्या वेळी टेक्स्ट फाईल असायची, उघडली, वाचली, झालं. मग डॉकबुक आलं, एक्सएमएल लिहून लिहून बोटं दुखायची, आता हे स्फिंक्स. 2016 साली कर्नल 4.8 पासून हे सुरू झालं तेव्हाच मी म्हटलं होतं की साध्या मजकुराला एवढा सोस कशाला. तेव्हापासून लोक डॉक्युमेंटेशन कमी लिहितात आणि वॉर्निंगा जास्त दुरुस्त करतात.

टॅबवाला
काका, आरएसटी उघडून वाचली तर आजही साधी टेक्स्टच आहे, ती निवडण्यामागे तेच तर कारण होतं. डॉकबुकच्या टेम्प्लेट फाईली उघडून बघा एकदा परत, मग बोला.

निवृत्त_प्रोग्रामर
उघडल्यात, लिहिल्याही आहेत. असो.

सातारी_कंदी
मार्कडाऊन का नाही वापरत हे लोक, सगळं जग मार्कडाऊनवर गेलं. गिटहबवर पुल रिक्वेस्ट टाकायची, दोन मिनिटांचं काम. हे ईमेलनं पॅच पाठवायचं काय खूळ आहे कळत नाही राव.

टॅबवाला
झालं सुरू. त्यांनी हे विचारलंय का?

रात्रपाळी
ही घ्या पूर्ण ओळ, मधलं लांबलचक होतं म्हणून काढलं होतं:
डॉक्युमेंटेशन/ड्रायव्हर-एपीआय/(फाईलचं नाव):21: ./इन्क्लूड/लिनक्स/(तेच नाव).एच:212: वॉर्निंग: अनएक्स्पेक्टेड इंडेंटेशन
आणि लगेच खाली 215वर दुसरी: ब्लॉक कोट एण्ड्स विदाउट अ ब्लँक लाईन. ही दुसरी सांगायची राहिली.

कमांडलाईन_कमल
अहो, जे मधलं काढलंत त्यातच उत्तर होतं. 212 ही तुमच्या आरएसटीची ओळ नाहीच, ती इन्क्लूडमधल्या हेडर फाईलची ओळ आहे. तुमच्या आरएसटीत 21व्या ओळीवर काय आहे बघा. दोन टिंबं, मग कर्नल-डॉक, मग डबल कोलन आणि हेडरचा पाथ, असं असणार. त्या जागी स्फिंक्स त्या हेडरमधल्या कॉमेंटी उचलून आणतं, स्लॅश आणि दोन तारे अशी सुरुवात असलेल्या. म्हणून आरएसटी 38 ओळींची असली तरी पान लांबलचक होतं. तुम्ही आत्तापर्यंत चुकीच्या फाईलीत स्पेस मागेपुढे करत बसलात.
हेडरच्या 205 ते 218 ओळी इथे टाका.

रात्रपाळी
आयला. हो, 21वर तेच आहे. मी तिथे दहा वेळा इंडेंट बदलला आहे.
कॉमेंट अशी आहे, इंग्रजीतली मराठीत करून टाकतोय, आधीच्या ओळींवरची पॅरामीटरची वर्णनं गाळली आहेत:

रिटर्न: खालीलपैकी एक
    0 - ठीक
    -ईइनव्हॅल - आर्ग्युमेंट चूक
    -ईनोमेम - मेमरी नाही
कॉल करणाऱ्याने लॉक धरलेलं असावं.

दिसायला तर व्यवस्थित आहे ना?

परदेशस्थ_पक्या
सोपं आहे, त्या कॉमेंटीच्या सुरुवातीचे दोन तारे काढून एक ठेव. कर्नल-डॉक ती कॉमेंट बघतच नाही मग. वॉर्निंग खलास. मी असे तीन पॅच पाठवलेत, तिन्ही घेतले गेले.

टॅबवाला
आणि त्या फंक्शनचं डॉक्युमेंटेशन पानावरून गायब! ताप मोजायला नको म्हणून थर्मामीटर फोडायचा.

परदेशस्थ_पक्या
मी पाठवले ते कर्नल-डॉक नव्हतेच, साध्या कॉमेंटींना चुकून दोन तारे होते. तिथे तोच बरोबर उपाय आहे, उगाच बोलू नका.

टॅबवाला
तिथे बरोबर. इथे पॅरामीटरची वर्णनं आहेत, रिटर्न आहे, म्हणजे खरीखुरी कर्नल-डॉक आहे. इथे ते सांगणं म्हणजे वाट लावणं. पहिल्या वेळेला एवढं लिहिलं असतंत तर मी बोललो नसतो.

कमांडलाईन_कमल
कॉमेंट डोळ्यांना नीट दिसते पण आरएसटीच्या नियमानं चूक आहे. "खालीलपैकी एक" या ओळीनंतर रिकामी ओळ न सोडता मजकूर आत ढकललाय, म्हणून पहिली वॉर्निंग. मग "कॉल करणाऱ्याने" परत मूळ जागी, मध्ये रिकामी ओळ नाही, म्हणून दुसरी. आत ढकललं नसतं तर वॉर्निंग आली नसती पण 0, ईइनव्हॅल, ईनोमेम सगळं एकाच ओळीत चिकटून छापलं गेलं असतं, कारण कर्नल-डॉक तुमचा एंटर मोजत नाही. कर्नलच्याच डॉक-गाईडमध्ये नेमकं हेच उदाहरण देऊन सावध केलेलं आहे.
उपाय: "खालीलपैकी एक" नंतर रिकामी ओळ (म्हणजे कॉमेंटीचा तारा तेवढा), मग प्रत्येक व्हॅल्यूच्या आधी यादीचा एक तारा आणि स्पेस, यादी संपली की परत रिकामी ओळ. हो, एका ओळीत दोन तारे दिसतील, एक कॉमेंटीचा आणि एक यादीचा. विचित्र दिसतं पण तसंच लिहितात.

आणि पूर्ण एचटीएमएलडॉक्स दर वेळी चालवू नका, स्फिंक्सडिर्स=ड्रायव्हर-एपीआय एवढंच द्या, म्हणजे तेवढाच फोल्डर बनतो. त्याहून पटकन हवं तर नुसती कर्नल-डॉक स्क्रिप्ट मायनस नन देऊन त्या हेडरवर चालवा, पण ती पॅरामीटरचं वर्णन राहिलंय असल्या चुका पकडते, इंडेंटची ही भानगड शेवटी स्फिंक्सच सांगतं.

रात्रपाळी
मग काल वॉर्निंग गेली कशी?? मी हेडरला हातही लावला नव्हता.

टॅबवाला
दोनदा चालवलं म्हणालात ना. स्फिंक्स आधीचं वाचलेलं साठवून ठेवतं, दुसऱ्या वेळी जी पानं बदलली तेवढीच परत वाचतं. पान परत वाचलंच नाही तर वॉर्निंग कुठून छापणार. आज आरएसटीत परत काहीतरी बदललंत, ते पान वाचलं गेलं, वॉर्निंग हजर. खात्री करायची असेल तर आधी मेक क्लीनडॉक्स (जुनं साठवलेलं पुसतं), मग बिल्ड.

रात्रपाळी
म्हणजे मी काहीच दुरुस्त न करता "वॉर्निंग दुरुस्त केली" असा पॅच अख्ख्या मेलिंग यादीसमोर पाठवला. वा.

वऱ्हाडी_ठेचा
होते बे, मनावर नको घेऊ. व्हेन्व्ह मात्र बनवूनच ठेव.

सातारी_कंदी
विषय निघालाच आहे तर, हे सगळं मराठीत का नाही आणत आपण? ट्रान्सलेशन्स फोल्डरमध्ये चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश सगळे आहेत. आपण एवढे कोटी लोक आणि एक फोल्डर नाही. मी सुरुवात करायला तयार आहे. स्पिनलॉकला "गरगरतं कुलूप" कसं वाटतं?

निवृत्त_प्रोग्रामर
इन्टरप्टला व्यत्यय, प्रोसेसला प्रक्रिया, मग ऑर्फन प्रोसेसला अनाथ प्रक्रिया. वाचणाऱ्याला आधी ते परत इंग्रजीत करून बघावं लागेल.

सातारी_कंदी
इन्टरप्टला इन्टरप्टच ठेवू की, वाक्य तर मराठीत असेल. "लॉक धरून झोपू नका" हे मराठीत जितकं पटकन डोक्यात शिरतं तितकं इंग्रजीत नाही शिरत.

कमांडलाईन_कमल
भाषांतर करणं सोपं आहे, सांभाळणं अवघड. मूळ फाईल बदलली की भाषांतर शिळं होतं आणि शिळं डॉक्युमेंटेशन नसलेल्यापेक्षा वाईट, वाचणारा त्यावर विश्वास ठेवतो. चिनी भाषांतराकडे नेमलेले मेंटेनर आहेत, तपासणारे आहेत, कुठल्या कमिटपर्यंतचं भाषांतर आहे ते नोंदवतात. तुमच्याबरोबर अजून दोनजण दोन वर्षं बसणार असतील तर मी तिसरी. नाहीतर पाच फाईली टाकून गायब होणार असाल तर नको. (आणि धाग्याचा विषय हा नाहीये.)

चहाबाज_42
उबुंटूवर मराठी टायपिंगसाठी आयबस बसवा, त्यात एम17एन घ्या, मग इनस्क्रिप्ट निवडा. रोमन टाईप करून मराठी हवं असेल तर आयट्रान्स. मी सहा वर्षं वापरतोय, काही अडचण नाही.

टॅबवाला
हे कोणी विचारलं होतं?

चहाबाज_42
मराठीचं बोलणं चाललं होतं म्हणून सांगितलं.

रात्रपाळी
झालं! क्लीनडॉक्स करून बिल्ड केला, दोन्ही वॉर्निंगा गेल्या, पानावर यादी झकास दिसते. कमलताई, तुमचे पाय कुठे आहेत. आता दुसरा प्रश्न, "पॅच लागत नाही" याचं काय? डिफ मी कॉपी करून मेलमध्ये नीट पेस्ट केला होता.

टॅबवाला
जीमेलच्या वेबपेजवरून?

रात्रपाळी
हो, मग कुठून पाठवणार.

टॅबवाला
तिथेच घात झाला. ते टॅबच्या स्पेसा करतं आणि लांब ओळी स्वतःच्या मनानं तोडतं. कर्नलमध्ये इंडेंट टॅबचे, मग पॅच लागणार कसा. माझं नाव काय आहे बघा, मीही यातच पोळलोय. गिट सेंड-ईमेल बसवा, जीमेलचं खातं चालेल पण टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड काढावा लागतो, नेहमीचा पासवर्ड चालत नाही. अटॅचमेंट म्हणूनही पाठवू नका, लोक मेलच्या आतच ओळीखाली ओळ लिहून उत्तर देतात. आधी स्वतःलाच एक पाठवून गिट एएमनं लावून बघा. आणि पाठवण्याआधी चेकपॅच (पॅच तपासणारी स्क्रिप्ट) चालवा.

परदेशस्थ_पक्या
डॉक्सचा पॅच आहे म्हणजे जोनाथन कॉर्बेट यांना आणि लिनक्स-डॉक यादीला पाठव, डॉक्सचं सगळं तेच घेतात.

कमांडलाईन_कमल
सगळं नाही. दुरुस्ती आता इन्क्लूडमधल्या हेडरमध्ये आहे, डॉक्युमेंटेशन फोल्डरमध्ये नाही. ते हेडर ज्या सबसिस्टीमचं (कर्नलच्या विभागाचं) आहे त्यांच्याकडे जायला हवं, लिनक्स-डॉकला सीसी. अंदाज करत बसू नका, गेट-मेंटेनर स्क्रिप्टला पॅच द्या, ती नावं काढून देते.

परदेशस्थ_पक्या
माझे तर डॉक्स ट्रीतूनच गेले.

कमांडलाईन_कमल
कधीकधी जातात, सबसिस्टीमवाल्यांनी होकार दिला तर. नवीन माणसानं ते गृहीत धरू नये इतकंच म्हणतेय.

टॅबवाला
आणि आता व्ही2 (दुसरी आवृत्ती) लिहा सब्जेक्टमध्ये. काय बदललं ते तीन डॅशच्या खाली, म्हणजे ते कमिटमध्ये जात नाही. साइन्ड-ऑफ-बाय (तुमच्या नावाची सहीची ओळ) विसरू नका. महिनाभरापूर्वीची ट्री म्हणालात, ती आधी ताजी करा, पॅच न लागण्याचं तेही एक कारण असू शकतं. उत्तर आलं नाही तर किमान आठवडाभर थांबा, मर्ज विंडो (नवे बदल मुख्य ट्रीत घेण्याचा काळ) चालू असेल तर त्याहून जास्त. ते दोन आठवडे कोणाला मान वर करायला फुरसत नसते.

रात्रपाळी
आठवडाभर! बरं. स्वतःला पाठवून बघितला, लागला. व्ही2 पाठवलाय, चुकीच्या पॅचबद्दल दिलगिरीही लिहिली दोन ओळी. अजून उत्तर नाही.

कमांडलाईन_कमल
कधी पाठवलात?

रात्रपाळी
चाळीस मिनिटं झाली.

सातारी_कंदी
भाषांतराला दोघं मिळाले, कमलताई. एकजण तर खरंच कर्नलवर काम करतो. व्यनि (खासगी निरोप) केलाय, बघा.

वऱ्हाडी_ठेचा
धाग्यात धागा घालतो, माफ करा. माझ्याकडे मेक पीडीएफडॉक्स मध्येच मरून राहिलं. लाटेक् सगळं बसवलेलं आहे, ते विचारू नका.

कमांडलाईन_कमल
पूर्ण एरर टाका. पहिल्या अक्षरापासून.