व्हिएन्ना १६८३: श्रेय एकट्या सोबिएस्कीचं?

गडवाट: १६८३ मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला आणि पोलंडचा राजा सोबिएस्की मदतीला आला. त्यावर काल इथे एकाने लिहिलं, 'पोलिश घोडेस्वार डोंगर उतरले आणि तासाभरात युरोप वाचला.' राहवलं नाही म्हणून लिहितोय. १२ सप्टेंबरला पहाटेपासून नुसडॉर्फच्या बाजूने झुंजत होतं ते सम्राटाचा सेनापती, लोरेनचा चार्ल्स, याचं पायदळ. घोडदळाची मोठी धडक दुपार कलल्यावरची. आणि त्याआधी दोन महिने शहराचा सेनानी श्टारेम्बर्गने व्हिएन्ना लढवलं, ते कुठे गेलं? तुर्क सुरुंग पेरत बुरुजांना भिडले होते, सेंट स्टीफन चर्चच्या मनोऱ्यावरून रात्री मदतीसाठी अग्निबाण सोडावे लागत होते!

सांजवारा: पण शहर अजून किती दिवस तगलं असतं? तटाला भगदाडं, आत आमांशाने माणसं मरताहेत. पोलंडचा राजा आलाच नसता तर तुमच्या चार्ल्सने एकट्याने काय केलं असतं?

गडवाट: मोहीम तुर्कांचा वजीर कारा मुस्तफाने घालवली, हे माझं म्हणणं. हंगेरीतल्या बुडाचा तुर्की सुभेदार इब्राहिम पाशा सांगत होता, आधी ग्योरचा किल्ला घ्या. ऐकलं नाही. काहलेनबर्गच्या टेकड्यांवर धड मोर्चेबंदी नाही. फौज अंगावर येतेय तरी बरेचसे जानिसारी, म्हणजे तुर्कांचं कसलेलं पायदळ, शहराभोवतीच्या खंदकातच. आणि हरल्यावर मारलं कुणाला, तर त्याच इब्राहिम पाशाला.

माळरान: आम्ही व्हिएन्नाला गेलो तेव्हा गाइडने सांगितलं, तुर्कांनी टाकलेल्या पोत्यांतल्या कॉफीवर कुल्चित्स्कीने तिथलं पहिलं कॉफीहाउस काढलं. त्याचा पुतळाही आहे.

सांजवारा: गाइडचं काय घेऊन बसलात! कॉफीचा परवाना १६८५ साली दिओदातो नावाच्या आर्मेनियन माणसाला मिळाला. ही गोष्ट ऐकून ऐकून कान किटले.

माळरान: तुसडेपणा कशाला? कुल्चित्स्की तुर्की वेषात वेढ्यातून बाहेर पडला, चार्ल्सला निरोप देऊन परत आत आला. पकडला गेला असता तर जिवंत सुटला नसता. कॉफीची कथा खोटी असेल, माणूस खोटा नाही.

सांजवारा: बरं, धाडस मान्य. कॉफी नाही.

गडवाट: कॉफी पुरे. तुर्कांच्या बाजूच्या तातारांचा खान मुराद गिराय याने सोबिएस्कीला डॅन्यूब ओलांडू दिली, त्यावर बोला.

सांजवारा: म्हणजे दोष एकट्या मुस्तफाचा नव्हता, हे तुम्हीच कबूल केलंत. चार्ल्सच्या पायदळाचं तुमचं खरं, तेवढं घ्या. पण त्या डिसेंबरात बेलग्रेडला सुलतानाने मुस्तफाला गळा आवळून मारवलं, त्याने काय साधलं? १६८६ मध्ये बुडाही गेलं.