मदत हवी आहे: जमिनीच्या फुगवट्यावरून ज्वालामुखीखालच्या भूकंपांची खोली काढता येते का?

एमएस्सी भूशास्त्राचा प्रकल्प आहे, नागपूर. इथे पायाखाली बेसाल्ट हवा तेवढा, पण जिवंत ज्वालामुखी नाही. म्हणून इटलीतल्या कॅम्पी फ्लेग्रेई या ज्वालामुखीचा सेन्टिनेल-१ उपग्रहाचा इन्सार डेटा (रडार प्रतिमांची तुलना करून मोजलेली जमिनीची हालचाल) घेतला. फक्त चढत्या कक्षेचा (उपग्रह दक्षिणेकडून उत्तरेकडे जातानाचा). मध्यापासून २.३ किमीवर फुगवटा निम्मा होतो, मोगी मॉडेलने (जमिनीखाली दाब वाढणारा एक बिंदू धरणारे सूत्र) खोली ३ किमी येते. तिथल्या भूकंपांची खोली हीच धरू का?

प्रतिसाद १
नका धरू. ही दाब वाढतोय त्या जागेची खोली आहे. दोन रिश्टरचा धक्का इन्सारला दिसतच नाही. त्याची खोली भूकंपाच्या पी आणि एस लहरी मापन केंद्रांवर कधी पोचल्या यावरूनच काढतात. धक्का उथळ आणि साडेपाचच्या आसपास किंवा मोठा असेल, तर ओकाडाचे मॉडेल (१९८५) लावून फॉल्टची, म्हणजे सरकलेल्या भेगेची, खोली काढता येते. कॅम्पी फ्लेग्रेईत बहुतेक धक्के ३ किमीच्या आतच होतात, म्हणजे तुमच्या स्रोताच्या वर.

तुलना करताना शून्य कुठे आहे तेही बघा. मोगीची खोली जमिनीपासून, भूकंपसूचीतली बरेचदा समुद्रसपाटीपासून. कॅम्पी फ्लेग्रेईतल्या पोझ्झुओली गावात फरक किरकोळ, हवाईतल्या किलाउएआ ज्वालामुखीच्या माथ्यावर मात्र १.२ किमी.

प्रतिसाद २
गुणाकार बरोबर आहे (मोगीत खोली = १.३०५ × फुगवटा निम्मा होतो ते अंतर, इथे १.३०५ × २.३), पण ३ किमीवर अजून विसंबू नका.

एकच कक्षा म्हणजे तिरकी नजर. त्यात आडवी हालचाल मिसळते आणि फुगवट्याचा मध्य सरकतो. उतरती कक्षा घेऊन उभी आणि पूर्व-पश्चिम हालचाल वेगळी करा, मगच छेद (मध्यापासूनच्या अंतरानुसार उठावाचा आलेख) काढा. दक्षिणेकडे आखात आहे, तिकडचा अर्धा भाग मिळणारच नाही.

संदर्भबिंदू (जिथे हालचाल शून्य धरली ती जागा) किती लांब आहे? ३ किमी खोल स्रोताचा ६ किमीवरही मध्याच्या ९ टक्के उठाव असतो. तिथे शून्य धरलात तर फुगवटा अरुंद दिसतो आणि खोली कमी येते. ९ किमीवर ३ टक्के उरतात, ते चालेल.

खरी गोम स्रोताच्या आकारात आहे. ४ किमीवरची छोटी आडवी सिल (खडकाच्या थरांमध्ये घुसलेला शिलारसाचा चपटा थर) उभ्या हालचालीत ३ किमीवरच्या मोगीसारखीच दिसते! आडव्या हालचालीचे कमाल मूल्य भागिले उभ्याचे करून बघा: मोगीत ०.३८, सिलमध्ये ०.२९. उत्तर-दक्षिण हालचाल इन्सारला जवळपास दिसत नाही, त्यासाठी जीएनएसएस (जीपीएससारख्या उपग्रहांवरून केलेली स्थाननोंद) घ्या.

स्रोताच्या आकारमानातली वाढही खोलीच्या वर्गाने बदलते. १० सेंमी उठावाला मोगीने ३ किमीवर ३८ लाख घनमीटर, ४ किमीवर ६७ लाख. तेव्हा खोली पक्की होईपर्यंत तो आकडा अहवालात नको.

उतरत्या कक्षेचा छेद आणि संदर्भबिंदूचे अंतर इथे टाका, मग बघू.