राजकुमार हिरानी हे हृषीकेश मुखर्जींचे वारस ठरतात का?

धंतोलीकर (धागाकर्ता)

राजकुमार हिरानी यांचा विषय निघाला की नागपूरकर माणूस ‘आपला पोरगा’ म्हणून बोलू लागतो, आणि मीही त्याला अपवाद नाही. १९६२ साली याच शहरात जन्मलेला, वडिलांची टायपिंगची संस्था असलेल्या सिंधी कुटुंबात वाढलेला आणि वाणिज्य शाखेची पदवी घेऊन पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकायला गेलेला हा मुलगा पुढे ‘मुन्नाभाई एमबीबीएस’ करतो, याचा अभिमान वाटणारच. मात्र मागच्या रविवारी जेवणाच्या ताटावर आमच्या मेहुण्यांनी ‘हिरानी म्हणजे आजचे हृषिदा’ असे म्हटले आणि त्यावरून घरात जो वाद पेटला, तो सावजीचा रस्सा निवला तरी निवला नाही. म्हणून तो येथे मांडतो.

माझे मत मेहुण्यांच्या बाजूचे आहे. दोघेही मुळात संकलक. हृषीकेश मुखर्जी यांनी बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’ आणि ‘मधुमती’चे संकलन केले आणि १९५७ साली ‘मुसाफिर’द्वारे ते दिग्दर्शनात उतरले, हिरानी जाहिराती आणि ‘मिशन कश्मीर’चे संकलन करून २००३ साली दिग्दर्शक झाले. दोघांच्याही चित्रपटांत माणूस मारहाणीने नव्हे, तर कोणाच्या तरी सहवासाने बदलतो. हिरानी यांनी हृषिदांविषयीचा आदर मुलाखतींतून अनेकदा व्यक्तही केला आहे.

डिसेंबर २००३ मध्ये, अधिवेशनाचा बंदोबस्त चुकवत, मी वडिलांना सदरच्या एका टॉकीजमध्ये रात्रीच्या खेळाला नेले होते. बिमलदांनंतर हिंदी चित्रपट संपला असे मानणारे ते गृहस्थ. ओल्या फरशीवरून जाणाऱ्यांवर खेकसणारा म्हातारा सफाई कामगार आणि त्याला मिठी मारणारा मुन्ना, हे दृश्य आले तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. परतताना ऑटोत बसल्यावर मात्र त्यांनी विचारले, “त्या फरशी पुसणाऱ्याचं नाव सांगितलं का रे सिनेमात?” एका झाडूवाल्याचे नाव विचारावेसे वाटणे, हा परिणाम मला हृषिदांच्याच जातकुळीचा वाटतो. जाणकारांनी आपली मते अवश्य मांडावीत.

महालकर

धंतोलीकरजी, आपल्या वडिलांच्या प्रश्नाविषयी मला आदरच आहे, परंतु त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष मला मुळीच मान्य नाही. ‘हृषिदा म्हणजे गोडवा’ हा समज दूरचित्रवाणीवर वारंवार दाखवल्या जाणाऱ्या चार-पाच चित्रपटांमुळे रूढ झाला आहे. १९६९ चा ‘सत्यकाम’ पाहा. धर्मेंद्र यांनी रंगवलेला सत्यप्रिय हा अभियंता आयुष्यभर कोणापुढेही झुकत नाही, आणि त्याचे फळ म्हणून त्याला कर्करोग, कर्ज आणि एकटेपणा मिळतो. मृत्युशय्येवर बायकोच्या भवितव्यासाठी तो एका ठेकेदाराच्या कागदावर सही करतो, आणि तो कागद बायकोच फाडून टाकते. त्या प्रसंगी शर्मिला टागोर यांच्या तोंडी भाषण नाही. कागद फाटतो, आणि तेवढ्यातच सारे काही सांगून होते. तिकीट खिडकीवर हा चित्रपट चालला नाही, यातच सारे आले.

आता हिरानींचा नायक कोठे उभा असतो ते आठवा. ‘लगे रहो मुन्नाभाई’मध्ये तो रेडिओवर बोलतो, ‘पीके’मध्ये दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत महाराजांशी वाद घालतो, ‘संजू’मध्ये तुरुंगातल्या रेडिओवरून ऐकवतो. प्रेक्षकाला काय वाटायला हवे हे त्याला माईकवरून सांगितले जाते. तीस वर्षे मी शाळेत शिकवले आहे. फळ्यावर तात्पर्य लिहून देणारा मास्तर मुलांना आवडतो हे मला ठाऊक आहे, कारण मग वही भरते आणि डोके चालवावे लागत नाही. आणि ‘संजू’विषयी तर काय बोलावे! एका जिवंत, प्रसिद्ध माणसाच्या चुकांचे बरेचसे ओझे वर्तमानपत्रांच्या माथी मारणारा चित्रपट हृषिदांच्या वारसाने काढावा, हे मला पटत नाही.

सदरची सिस्टर

महालकर सर, तात्पर्य लिहून देण्याचा आरोप एकट्या हिरानींवर का? १९७२ चा ‘बावर्ची’ म्हणजे तर तात्पर्याचे ताटच आहे. राजेश खन्ना स्वयंपाकघरात शिरून भाजी चिरता चिरता घरातल्या प्रत्येकाला उपदेश करतात, आणि सारे घर सुतासारखे सरळ होते. तो आपण सर्वांनी गोड मानून घेतला, कारण तो आपल्या लहानपणी पाहिला.

मी निवृत्त परिचारिका आहे. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी पस्तीस वर्षे काढली; नाव सांगण्याचे कारण नाही. त्या सफाई कामगाराचे नाव चित्रपटात आहे, धंतोलीकरजी: मकसूद. सकाळी सहाला पाळी बदलते, वॉर्डात फिनेलचा वास असतो, फरशी अजून वाळलेली नसते आणि नेमक्या त्याच वेळी नातेवाईक चहाचे थर्मास घेऊन आत येतात. सफाईवाले मामा ओरडतात, लोक ऐकत नाहीत, आणि त्या ओरडण्यात ‘मी येथे आहे’ एवढेच सांगायचे असते, हे आम्हालाही उशिरा कळले. ज्याने ते दृश्य लिहिले त्याने रुग्णालय डॉक्टरच्या खुर्चीतून नव्हे, तर व्हरांड्यात बसून पाहिले असावे. ‘आनंद’मध्ये ललिता पवार यांनी केलेली मेट्रन मला अत्यंत प्रिय आहे, पण त्या चित्रपटात फरशी कोण पुसत होते ते मला आठवत नाही.

एवढे मात्र सांगते की ‘थ्री इडियट्स’मधली प्रसूती पाहून मी प्रथम हसले आणि नंतर चिडले. व्हॅक्यूमच्या साहाय्याने बाळंतपण ही खरोखरची पद्धत आहे, पण घर झाडायचे यंत्र जोडून आणि बाळाला ‘ऑल इज वेल’ ऐकवून ते होत नाही. लेबर रूममध्ये उभ्या राहिलेल्या कोणत्याही बाईला तो पोरखेळच वाटेल.

आणखी एक. १९७३ च्या ‘अभिमान’मध्ये बायको नवऱ्यापेक्षा चांगली गाते, नवरा जळतो, तिचे मूल जाते, ती मुकी होते, आणि शेवटी दोघे मंचावर एकत्र गातात की सारे क्षम्य! जया भादुरींचे काम असे आहे की आजही पाहताना घशात आवंढा येतो, तरीही तो शेवट मला कधी पटला नाही. हृषिदांना देव्हाऱ्यात बसवू नये, एवढेच माझे म्हणणे.

महालकर

सिस्टर, ‘बावर्ची’चा मुद्दा मान्य. तो माझाही आवडता नाही. ‘अभिमान’बाबत मात्र आपण शेवटाला फार महत्त्व दिले. त्या शेवटापर्यंत जाताना अमिताभ यांचा चेहरा पत्नीची स्तुती ऐकताना ज्या रीतीने बारीक बारीक कठोर होत जातो, तो चित्रपट मी पाहतो.

सक्करदऱ्याचा कातरीवाला

मी लग्नाचे व्हिडिओ कापून पोट भरतो, त्यामुळे येथील मंडळींइतके चांगले लिहिता येणार नाही, पण ‘दोघेही संकलक’ हे वाक्य लिहून धागाकर्त्यांनी विषय तसाच सोडून दिला, याची चुटपूट लागली. संकलकाचे खरे काम ‘कट मारणे’ नव्हे. कोणती गोष्ट कोणाला केव्हा कळू द्यायची, हे ठरवण्याचे आहे. नवरीचे वडील मंडपाच्या खांबामागे जाऊन डोळे पुसतात, तो तुकडा मी पाठवणीच्या आधी लावला तर पुढची पाठवण पाहणारा वडिलांच्या जागी उभा राहतो, आणि नंतर लावला तर त्याला नुसता धक्का बसतो. तुकडा तोच.

या नजरेने पाहा. ‘आनंद’ कोठून सुरू होतो? डॉ. भास्कर बॅनर्जी यांना त्यांच्या ‘आनंद’ या पुस्तकाबद्दल पुरस्कार मिळतो तेथून. म्हणजे तो माणूस जगणार नाही, हे हृषिदा पहिल्या काही मिनिटांतच आपल्या हाती ठेवतात. मग पुढे राजेश खन्ना हसले की आपण हसतो आणि त्याच वेळी आपल्याला काही तरी टोचते. मधेच दोघे मित्र गंमत म्हणून टेपरेकॉर्डरवर आपले आवाज भरतात. ती पेरणी आपण विसरून जातो आणि शेवटी त्याच यंत्रातून गेलेल्या माणसाचा आवाज उगवतो. तेव्हा मृत्यूचा धक्का बसत नाही. धक्का आवाजाचा बसतो.

विनोदी चित्रपटांतही हेच. ‘गोलमाल’मध्ये मिशी लावलेला आणि मिशी नसलेला अमोल पालेकर एकच आहे, हे उत्पल दत्त सोडून सर्वांना ठाऊक. ‘चुपके चुपके’मध्ये शुद्ध हिंदी बोलणारा ड्रायव्हर हा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक आहे, हे ओमप्रकाश सोडून सर्वांना ठाऊक. हृषिदांच्या चित्रपटात प्रेक्षक कटात सामील असतो. समोरच्याचे हसे होते, पण प्रेक्षकाला कोणी फसवत नाही.

आता हिरानी. ‘थ्री इडियट्स’मध्ये रँचो म्हणजे खरा कोण, हे आपल्यापासून शेवटपर्यंत लपवले जाते. ‘पीके’मध्ये नायिकेला मिळालेली चिठ्ठी भलत्याच मुलीसाठी होती, हेही आपल्याला तिच्याबरोबरच शेवटी कळते. हे काम अतिशय सफाईने केलेले आहे, आणि दोन्हींचे संकलन त्यांनीच केले आहे. माझ्यासारख्याने ते शिकण्यासाठी चार वेळा पाहावे असे. पण येथे प्रेक्षक कटाबाहेर उभा असतो. त्याला शेवटी टाळी वाजवायला बोलावले जाते. म्हणून मी म्हणेन की हे दोघे एकाच टेबलावर बसलेले, पण उलट दिशांना तोंड केलेले कारागीर आहेत.

धंतोलीकर (धागाकर्ता)

कातरीवाले भाऊ, ‘चांगले लिहिता येत नाही’ असे म्हणून आपण सर्वांची दांडी गुल केलीत. तरीही हार मानण्यापूर्वी एक हरकत नोंदवतो. आपली कसोटी हिरानींच्या पहिल्या दोन चित्रपटांना लावून पाहा. ‘मुन्नाभाई एमबीबीएस’मध्ये गावाकडचे आईवडील येणार म्हणून गुंडाचा अड्डा रातोरात धर्मादाय दवाखाना होतो, आणि आपण त्या कटात पहिल्यापासून असतो, सुनील दत्त यांनी केलेले वडील आणि आई तेवढी बाहेर असतात. ‘लगे रहो’मध्ये इतिहासाचा प्राध्यापक म्हणून मिरवणारा मुन्ना खरा कोण, हे विद्या बालन यांची जान्हवी सोडून आपल्या सर्वांना माहीत आहे. हा सरळसरळ ‘गोलमाल’चा घाट आहे. गांधीजी फक्त मुन्नालाच दिसतात, हेही आपल्यापासून लपलेले नाही. दिलीप प्रभावळकर यांनी ते गांधी इतक्या हलक्या हाताने उभे केले की उपदेशाचा वास येईपर्यंत ते खुर्चीवरून उठून गेलेले असतात. त्या कामाचा समावेश असलेला राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला, तो उगाच नव्हे.

तेव्हा माझे विधान दुरुस्त करतो. २००३ आणि २००६ चे हिरानी हृषिदांच्या घरातले आहेत, आणि २००९ पासून त्यांनी वेगळी चूल मांडली. योगायोग असा की ‘लगे रहो’ प्रदर्शित होण्यापूर्वी काही दिवसच, ऑगस्ट २००६ मध्ये, हृषिदा गेले.

महालकर

वेगळी चूल मांडणाऱ्याला वारस म्हणायचे की नाही, हे आता वकिलांना विचारावे लागेल. ‘संजू’विषयी कोणीच काही बोलले नाही, याची मी नोंद घेतली आहे.

सदरची सिस्टर

‘संजू’चा बचाव करणार नाही, सर. तो पाहताना मी मध्यंतरात समोसा खाऊन घरी आले.

पण काल रात्री या चर्चेमुळे ‘मुन्नाभाई’ पुन्हा लावला, आणि एक गोष्ट लक्षात आली, जी आजवर निसटली होती. वॉर्डात चाकांच्या खुर्चीवर निश्चल बसलेला एक रुग्ण आहे, यतीन कार्येकर यांनी केलेला. डॉक्टरांच्या लेखी तो केवळ अभ्यासाचा विषय, आणि मुन्ना मात्र त्याच्याशी रोज गप्पा मारतो. त्याचे नाव आनंद आहे. आणि शेवटी कळते की मुन्नाची ही सारी गोष्ट रुग्णालयातल्या मुलांना हाच आनंद सांगत होता. तिकडे आनंद बोलता बोलता गप्प होतो आणि त्याची गोष्ट डॉक्टर सांगतो. इकडे गप्प असलेला आनंद बोलू लागतो आणि डॉक्टर न झालेल्याची गोष्ट सांगतो.

सक्करदऱ्याचा कातरीवाला

सिस्टर, म्हणजे सांगणारा कोण, हे तेथेही शेवटपर्यंत लपवलेच की! पण हे लपवणे मला खुपले नाही, आणि का खुपले नाही ते अजून नीट सांगता येत नाही. आज एका लग्नाची डिलिव्हरी आहे. रात्री पुन्हा पाहतो आणि लिहितो.

महालकर

पाहा आणि अवश्य लिहा. नुसते आनंद असे नाव ठेवल्याने वारसा मिळत नाही, एवढे मी आधीच सांगून ठेवतो. चित्रपट मात्र मीही आज लावणार आहे.