आईचं दूध काढायच्या पंपाची फनेल (स्तनावर बसणारा भाग) कोणत्या मापाची घ्यावी?

प्रश्न: पंपासोबत २४ मिमीची फनेल आली. निपलभोवतीचा काळा भागही आत ओढला जातो, नंतर सूज येते. माप कसं ठरवायचं?

उत्तर: २४ मोठी पडतेय. पंप करण्याआधी निपलच्या बुडाची रुंदी मोजा, काळा भाग धरू नका. त्यात १ ते ३ मिमी मिळवा. १६ भरली तर १७ किंवा १९ चं सिलिकॉन इन्सर्ट (माप लहान करणारा मऊ तुकडा) त्याच फनेलमध्ये बसवा. दोन्ही बाजू वेगळ्या मोजा, बऱ्याचदा फरक निघतो.

उत्तर: पण फार लहानही नको. निपल कडेला घासलं, टोक पांढरं पडलं तर एक माप वर जा.

उत्तर: माप बरोबर असूनही ओढ कमी वाटली तर व्हॉल्व्ह बघा. चोचीसारख्या त्या रबरी भागाची फट सैल झालेली असते आणि उगाच सक्शन वाढवलं जातं! टोचायला लागलं की सक्शन एक पायरी खाली.