जॉक मॅकहेल: आठ विजेतेपदं नक्की कुणाची?

पारावरचा: मेलबर्नच्या कॉलिंगवूड क्लबचे जॉक मॅकहेल म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधलं (सॉकर नव्हे, तिथला वेगळाच खेळ) दैवत. 1903 पासून 261 सामने खेळले, 1912 ते 1949 प्रशिक्षक, 8 विजेतेपदं. विजेत्या प्रशिक्षकाला मिळणारं पदकही त्यांच्याच नावाचं. मला हे श्रेय जरा जास्तच वाटतं. 1927 ते 1930 सलग चार वेळा जिंकलेल्या संघात कॉव्हेंट्री बंधू आणि कॉलियर बंधू होते. असा संघ मिळाल्यावर कोणीही जिंकलं असतं. 1930 च्या अंतिम सामन्याला तर साहेब तापाने घरी अंथरुणात! मध्यंतराला पिछाडीवर असलेल्या पोरांना पेटवलं ते खजिनदार बॉब रश यांनी. तरी विजेतेपद मॅकहेलच्या खात्यात.

आडवातिडवा: कोणीही? मग या लीगमध्ये (आजची एएफएल) सलग चार आजवर दुसऱ्या एकाही क्लबला का जमले नाहीत? चांगले खेळाडू इतरांकडेही होतेच की. आणि अख्खा हंगाम ज्याने संघ घडवला, त्याचं श्रेय एका दिवसाच्या तापाने कसं जातं?

गणिती_गोटू: दुसरी बाजू बघा. 17 अंतिम सामने, त्यातले 9 हरले. 1936 नंतर 13 हंगाम हात रिकामे. आजचा क्लब असता तर कधीच नारळ दिला असता.

यारा_काठची: इथे मेलबर्नमध्ये कॉलिंगवूडवाल्यांसमोर हे बोलून दाखवा, मग बघू! ब्रुअरीत नोकरी करून हा माणूस प्रशिक्षण द्यायचा, खेळाडूंपेक्षा जास्त मानधन घ्यायचा नाही. संघात सगळ्यांना सारखेच पैसे, मग तो कितीही मोठा असो. ती शिस्त टिकली ती यांच्यामुळे.

पारावरचा: सारखे पैसे क्लबच्याही पथ्यावर पडले, ताई. 1929 ला 124 गोल मारणाऱ्या गॉर्डन कॉव्हेंट्रीला नवख्याइतकंच मानधन, यात न्याय कसला?

आडवातिडवा: तरी गॉर्डन शेवटपर्यंत तिथेच खेळला ना? मॅकहेलचा 714 सामन्यांच्या प्रशिक्षणाचा विक्रम मोडायला 2015 उजाडलं. मिक मॉल्टहाउसने तो मोडला तोही कार्लटन क्लबचा प्रशिक्षक म्हणून, कॉलिंगवूडविरुद्धच!

गणिती_गोटू: टिकून राहणं वेगळं, जिंकणं वेगळं.

पारावरचा: बाकी सात राहू द्या. 1930 पुढे कंसात रश यांचं नाव घाला, एवढंच म्हणणं.

यारा_काठची: मग कप्तान सिड कॉव्हेंट्रीचंही घाला. मैदानात तोच होता.