कबड्डीत गुडघा फिरला, एक्स-रे नॉर्मल. एमआरआय करावा का?

मॅटवरचा: आमच्या मंडळाचा चढाईपटू, वय 22. बोनस मारून मध्यरेषेकडे वळताना पाय मॅटला अडकला आणि गुडघा फिरला. कुणाचा धक्का नव्हता. 'टक्' आवाज, तासाभरात गुडघा टम्म. आज पाचवा दिवस. सरळ चालतो, वळताना मात्र गुडघा सटकतो. "लचक आहे, तीन आठवड्यांत खेळेल" असं सांगितलंय.

सांधेजोड: एक्स-रेत हाड दिसतं, लिगामेंट (हाडांना हाडं बांधणारा पट्टा) नाही. धक्क्याविना फिरणं, आवाज, दोन तासांच्या आत सूज: हे तिन्ही जमले की एसीएल (नडगीला पुढे सरकू न देणारं, गुडघ्याच्या मधलं लिगामेंट) तुटलंय असंच धरून चाला. इतकी झटपट सूज म्हणजे बहुधा सांध्यात रक्त. नुसत्या मेनिस्कसची (गुडघ्यातल्या कुर्चेच्या गादीची) सूज सहसा दुसऱ्या दिवशी चढते. एमसीएल (गुडघ्याच्या आतल्या कडेचं लिगामेंट) दुखावलं असेल तर आतल्या बाजूला बोट ठेवलं की कळ येते.

लॅकमन चाचणी करून घ्या. गुडघा 20-30 अंश वाकवून एका हातानं मांडी धरतात, दुसऱ्यानं नडगी पुढे ओढतात. शाबूत एसीएल खटकन अडवतं. तुटलेलं नुसतं सरकत जातं. आधी चांगला पाय तपासायचा, म्हणजे फरक कळतो. आत्ता दुखण्यानं मांडी आखडलेली असेल, चाचणी फसवू शकते. दोन आठवड्यांच्या आत पुन्हा करा.

गुडघा पूर्ण सरळ होतो का?

मॅटवरचा: नाही. झोपवला की गुडघ्याखाली चार बोटं जातात.

सांधेजोड: मग एमआरआय लांबवू नका. सुजेमुळेही असं होतं, पण मेनिस्कसचा तुकडा मध्ये अडकला असेल तर उशीर केल्यानं टाके घालण्याची संधी जाते.

फिजिओकट्टा: तोवर गुडघ्याखाली उशी नको. आराम वाटतो, पण गुडघा वाकलेलाच आखडतो. गुंडाळलेला टॉवेल टाचेखाली, दहा मिनिटं. सहन होईल तेवढंच. आत काही अडल्यासारखं वाटलं तर थांबा, वरून दाबू नका. मांडी आवळून 5 सेकंद धरणं, 10 वेळा, दिवसातून चारदा. बर्फ फडक्यात, 15 मिनिटं. तेल-मालिश आणि ओढून 'बसवणं' बंद.

तुकडा अडकलेला नसेल तर एसीएलच्या ऑपरेशनची घाई नाही. सूज उतरून गुडघा सरळ झाल्यावरच, नाहीतर नंतर तो वाकताना रडवतो. ऑपरेशननंतर मॅटवर 9 महिन्यांच्या आत नको. चौथ्या महिन्यात दुखत नाही म्हणून पोरं उतरतात, तेव्हा ग्राफ्ट (एसीएलच्या जागी बसवलेला नवा पट्टा) अजून कच्चा असतो.

मॅटवरचा: उद्या एमआरआय. स्पर्धेच्या यादीतून नाव काढलंय.